ईएचएसमधून सस्टेनेबिलिटीत जाऊ का, की हे वारं चार वर्षांत उतरेल?

चाकणचा_ईएचएसवाला

नमस्कार मंडळी. पर्यावरण इंजिनिअरिंग करून चाकणला एका ऑटो कंपोनंट कंपनीत ईएचएसला, म्हणजे पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा विभागात आहे, बरीच वर्षं झाली आता. काम म्हणजे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) नीट चालतोय का बघा, एमपीसीबीचं, म्हणजे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेंट रिन्यू करा, हॅझर्डस वेस्टची गाडी गेली की मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद) भरा, जूनअखेर घातक कचऱ्याचा फॉर्म ४, सप्टेंबरअखेर पर्यावरण विवरणाचा फॉर्म ५, वर फायर ड्रिल, वर्क परमिट, कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांना हेल्मेट घालायला लावणं. काम आवडतं, पण यात पुढे काय हा प्रश्न पडतोच.

तर गेल्या वर्षापासून आम्ही ज्यांना माल देतो त्या मोठ्या कंपनीकडून सारख्या एक्सेल शीट यायला लागल्यात, स्कोप १ द्या (आपल्याकडून थेट निघणारा कार्बन), स्कोप २ द्या (विकत घेतलेल्या विजेमागचा), पाणी किती, कचरा किती, बायका किती, अपघात किती, आणि प्लांट हेडनं ते सगळं माझ्याकडे ढकललंय कारण "पर्यावरण तुझं ना". भरता भरता मला त्यात रस यायला लागला. आता एचआर म्हणतंय की सस्टेनेबिलिटीची नवी पोस्ट निघणार आहे, इच्छा असेल तर बघ.

दुसऱ्या बाजूला माझा कॉलेजचा मित्र एका कन्सल्टिंग फर्ममध्ये ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार) टीमला होता, त्याची अर्धी टीम कमी केली. अमेरिकेतल्या बातम्या वाचल्या की वाटतं हे सगळं गुंडाळलं जातंय. आणि एक ऑनलाइन ईएसजी सर्टिफिकेट आहे त्याची फी लाखाच्या वर जाते, ते करू का? घरी होम लोन चालू आहे, बायको म्हणते हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. या क्षेत्रातल्या लोकांनी जरा खरं खरं सांगा.

ठाणे_ते_बीकेसी

भाऊ, मी एका लिस्टेड कंपनीत हेच काम करते आणि हे बदलताना पहिल्यापासून बघितलंय, म्हणून जरा लांबण लावते.

मी आले तेव्हा सस्टेनेबिलिटी रिपोर्ट म्हणजे वर्षातून एकदा निघणारं गुळगुळीत पुस्तक, कव्हरवर तळहातात रोपटं, आत शाळेतल्या मुलांचे फोटो. काम असायचं कॉर्पोरेट कम्युनिकेशन आणि सीएसआरच्या (कंपनीच्या समाजकार्याच्या) लोकांकडे, ज्याचं इंग्रजी चांगलं त्याची चलती. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०१२ मध्ये वरच्या १०० कंपन्यांना बीआरआर (व्यवसायाच्या जबाबदारीचा अहवाल) लावलं तरी त्यात बराचसा मामला हो-नाहीचा होता, पॉलिसी आहे का, हो, बोर्डानं मंजूर केली का, हो, झालं. खरा फरक पडला बीआरएसआरनं (त्याच अहवालाचं सस्टेनेबिलिटीचे आकडे मागणारं नवं रूप). २०२१ मध्ये आलं, २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचं झालं, आणि जुलै २०२३ मध्ये बीआरएसआर कोअर आलं, म्हणजे काही ठरावीक आकडे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचे. २०२३-२४ ला वरच्या १५० कंपन्या, मग २५०, मग ५००, आणि २०२६-२७ ला सगळ्या १०००. हा टप्पा लागला आणि आमच्या मजल्यावरची हवाच बदलली, कारण आता तो आकडा चुकला तर उत्तर सीएफओला द्यावं लागतं. पूर्वी मला सीएफओची भेट मिळायला महिना लागायचा, आता त्यांचाच फोन येतो की या तिमाहीला ऊर्जा का वाढली.

त्यामुळे टीममध्ये कोण लागतं तेच बदललंय. आता एक ऊर्जेतला इंजिनिअर, एक फायनान्समधला, एक डेटा आणि एक्सबीआरएल फायलिंग (संगणकाला वाचता येईल अशा साच्यात अहवाल भरणं) सांभाळणारा, एक सप्लायरशी बोलणारा. नुसतं रिपोर्ट लिहिणाऱ्याची जागा कमी होत चाललीय, पहिला मसुदा सॉफ्टवेअर करून देतं, आणि तुमच्या मित्राचं जे झालं ते मला यातलंच वाटतं. वाईट वाटतं कारण ती मुलं हुशार असतात, पण त्यांना कोणी प्लांटच दाखवलेला नसतो.

मी इंटरव्ह्यूला एक प्रश्न हमखास विचारते: या प्लांटचा स्कोप १ काढायचाय, काय काय मागवाल? सर्टिफिकेटवाले डिझेल, एलपीजी, कंपनीच्या गाड्या म्हणतात आणि थांबतात. प्लांटवरून आलेला माणूस म्हणतो एसी आणि चिलरमध्ये वर्षात किती गॅस भरला त्याची बिलं द्या, वेल्डिंगचा सीओटू सिलिंडर, फायर एक्स्टिंग्विशर रिफिल. आर-४१०ए गॅस एक किलो गळला की दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइडइतका धरला जातो हो, आणि त्याची नोंद बहुतेक ठिकाणी फक्त एसीवाल्याच्या डायरीत असते! हे तुम्हाला माहीत असणार कारण एसीवाल्याचं वर्क परमिट तुम्हीच सही करता.

लाखाचं सर्टिफिकेट आत्ता करू नका. जीएचजी प्रोटोकॉलचं (कार्बन मोजायच्या पद्धतीचं) मूळ पुस्तक फुकट मिळतं, ते वाचा, बीआरएसआरचा फॉरमॅट सेबीच्या साइटवर आहे तो आपल्याच कंपनीसाठी भरून बघा. पैसे आणि वेळ घालवायचाच तर बीईईची (केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था) एनर्जी मॅनेजर, ऑडिटर परीक्षा द्या, ऑडिटरला चार पेपर असतात, अनुभवाची अट आहे ती तुमची पूर्ण होत असेल. तिला कारखान्यात किंमत आहे, उद्या ईएसजी हा शब्द राहो न राहो.

सीए_गंगापूररोड

वरच्या ताईंशी सहमत. मी अशुरन्सच्या बाजूला आहे, म्हणजे हे आकडे तपासायला आम्ही येतो, तेव्हा आमच्या टेबलावरून काय दिसतं ते सांगतो.

पाण्याचा आकडा दिलेला असतो किलोलिटरमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि बोअरला मीटरच नाही. टँकरच्या पावत्या आहेत पण टँकर १० हजार लिटरचा की १२ हजारचा ते कुठेच नाही. कचऱ्याला भंगारवाल्याची चिठ्ठी, त्यावर "अंदाजे". डिझेलची खरेदी म्हणजेच वापर धरलेला, मार्चअखेर टाकीत किती शिल्लक होतं ते कोणी मोजलेलंच नाही. स्टोअरच्या स्टॉकला ओपनिंग-क्लोजिंग लागतं हे सगळ्यांना कळतं, मग डिझेलचा कार्बन काढताना का विसरतात कळत नाही. अशा वेळी आम्हाला नुसती सही करून चालत नाही, आमच्या मानकाप्रमाणे पुरावा लागतो, आणि हा पुरावा आजपर्यंत कोण सांभाळत आलंय तर तुमच्यासारखा ईएचएसवाला, मॅनिफेस्टच्या फायलीत.

अजून एक, लोकांना वाटतं कोअर म्हणजे फक्त कार्बन आणि पाणी. त्यात सप्लायरचे पैसे किती दिवसांनी दिले, एकूण पगारातला किती टक्के बायकांना गेला, लहान गावांत किती पगार वाटला, पॉशच्या (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या) तक्रारी किती, हेही आहे. म्हणजे एचआर, खरेदी, अकाउंट्स सगळ्यांशी बोलता यायला हवं. मी बघतो त्यात जो माणूस चार डिपार्टमेंटमधून वेळेत आकडा काढून आणतो तोच टिकतो.

आणि एक नोकरीची बाजू जी फार कोणी बोलत नाही. सेबीनं स्पष्ट केलंय की अशुरन्स देणाऱ्यानं त्याच कंपनीला हे बाकीचं सल्ल्याचं काम विकायचं नाही. त्यामुळे कामं दोन गटांत वाटली गेलीत आणि अशुरन्स करणाऱ्या टीमला इंजिनिअर लागायला लागलेत कारण मी ताळेबंद वाचू शकतो पण बॉयलरची एफिशियन्सी ९५ टक्के लिहिली असेल तर ती खरी वाटते का हे मला इंजिनिअरच सांगणार. हाही रस्ता बघून ठेवा. मार्च ते जुलै घरी कमी दिसाल एवढं वहिनींना आधी सांगा.

शिरोलीची_फाउंड्री

राम राम. आमची कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री हाय. तुम्ही सगळे मोठ्या कंपनीचं बोलताय, मी खालच्या टोकाचं सांगतो कारण खरी माणसांची टंचाई आमच्याकडं आहे.

आम्हाला कुणी बीआरएसआर लावलेलं नाही. पण ज्यांना लावलंय ते आमच्याकडनं मागतात. व्हॅल्यू चेनचं, म्हणजे सप्लायरकडनं आकडे घ्यायचं, सेबीनं पुढं ढकलून ऐच्छिक केलं म्हणे, पण गिऱ्हाईक काय थांबत नाही, त्याला त्याच्या परदेशातल्या गिऱ्हाईकाला द्यायचं असतंय. तीन गिऱ्हाईकांच्या तीन वेगळ्या शीट, एकाला टनामागं पाहिजे, एकाला पीसमागं, एकाला वर्षाचं. आमच्याकडं हे करणारं कोण? माझा पुतण्या, बीकॉम, तोच जीएसटी बघतो तोच हे भरतो.

आता इथं काय गंमत... गंमत नाही, नुकसान हाय. इंडक्शन फर्नेसला एक टन धातू वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. आता ५५० लागतात का ६५० यात आमचा नफा बसलेला आहे. फर्नेसचं झाकण उघडं ठेवलं, भंगार ओलं-गंजकं टाकलं, लॅबचा रिपोर्ट यायला उशीर म्हणून हीट, म्हणजे वितळलेला माल, धरून ठेवली की युनिट वाढले. ग्रिडच्या विजेला एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन धरतात, म्हणजे टनामागं ५०-६० युनिट वाचवले तर लाइट बिलही कमी आणि गिऱ्हाईकाच्या शीटमधला आकडाही कमी. आम्हाला असा माणूस पायजे जो शीट भरता भरता फर्नेसवर येऊन सांगंल की तुमचं इथं चुकतंय. एकट्या फाउंड्रीला असा माणूस परवडत नाही पण आठ-दहा जणांनी मिळून ठेवला तर परवडंल, आणि मी हे आमच्या भागात चार जणांशी बोललोय, तयार हाईत, माणूस मिळंना.

आमच्या पाहुण्यांचा नट-बोल्टचा कारखाना आहे, माल युरोपला जातो. त्यांना सीबॅम, म्हणजे युरोपात जाणाऱ्या मालावरचा कार्बनचा आकार. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून जाणाऱ्या मालावर तिकडच्या आयातदाराला पैसे मोजायचे आहेत. सगळं लोखंड यात नाही, यादी कस्टमच्या कोडप्रमाणं असते, नट-बोल्ट, पाइप फिटिंग आत आहेत, म्हणून पहिला आपला कोड तपासायचा. आणि बोल्ट करणाऱ्याचा स्वतःचा कार्बन किरकोळ असतोय, खरा आकडा वायर रॉडमध्ये, जिथनं रॉड घेतला त्या स्टील कंपनीकडनं तो आणायचा. नाही आणला तर युरोपवाले स्वतःचा ठरलेला आकडा धरतात आणि तो चढाच असतोय. पाहुण्यांनी दिल्लीचा कन्सल्टंट धरला, त्यानं व्हिडिओ कॉलवर सगळं केलं, कारखान्याचं तोंड बघितलं नाही, बिल मात्र भरभक्कम. चाकणकर, तुमच्यासारखा माणूस शनिवार-रविवारी इकडं आला तरी आम्ही दारात उभं राहून घेऊ.

आइंडहोवनहून

मी नेदरलँड्समध्ये एका मशिनरी कंपनीत सस्टेनेबिलिटी डेटा बघते, मूळची सांगलीची. वरचं सगळं वाचून बरं वाटलं पण दुसरी बाजू सांगितली नाही तर ते बरोबर होणार नाही.

इकडे सीएसआरडी, म्हणजे कंपन्यांना सस्टेनेबिलिटी अहवाल सक्तीचा करणारा युरोपचा कायदा, येणार म्हणून २०२३-२४ मध्ये धडाधड भरती झाली. साधारण ५० हजार कंपन्यांना लागू होणार असा अंदाज होता. मग २६ फेब्रुवारी २०२५ ला युरोपियन कमिशननं ऑम्निबस प्रस्ताव (हे नियम सैल करायचा) आणला, त्यात जवळपास ८० टक्के कंपन्या वगळायचं म्हटलं, एप्रिलमध्ये दुसऱ्या टप्प्याच्या कंपन्यांना दोन वर्षं मुदत वाढवून मिळाली. त्याच वर्षी माझ्या ओळखीतल्या कित्येकांची कॉन्ट्रॅक्ट पुढे गेली नाहीत. अमेरिकेत सेबीसारखी जी संस्था आहे एसईसी, तिनं मार्च २०२४ मध्ये क्लायमेटची माहिती द्यायचा नियम आणला आणि वर्षभरात कोर्टात त्याची बाजू मांडणंच सोडून दिलं. तेव्हा तुमची भीती खोटी नाही. ज्याची नोकरी एका नियमाच्या एका तारखेवर टांगलेली आहे त्याची नोकरी ती तारीख हलली की हलते, आणि तारखा हलतात.

पण बघा काय राहिलं. माझ्या टीममधून डिस्क्लोजर, म्हणजे अहवाल, लिहिणारे दोघं गेले, प्रॉडक्टचा कार्बन काढणारा, म्हणजे एलसीए करणारा, राहिला, कारण आमच्या मशिनचं टेंडर भरताना गिऱ्हाईक तो आकडा मागतं. खरेदीत बसून सप्लायरशी बोलणारी मी राहिले. सीबॅमही राहिलं, लहान आयातदारांना सूट दिली, पण गेलं नाही. म्हणून पोस्टचं नाव काय आहे यापेक्षा ती कुणाला रिपोर्ट करते ते विचारा. ऑपरेशन्स, खरेदी, फायनान्स यांपैकी कुणाला असेल तर घ्या. नुसती ब्रँडिंगखाली असेल तर मी तरी घेणार नाही.

भारतात एक गोष्ट अजून येतेय ती लक्षात ठेवा, कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम (लक्ष्यापेक्षा कमी कार्बन सोडला तर क्रेडिट मिळतं, जास्त सोडला तर विकत घ्यायचं). २०२३ ला अधिसूचित झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली, पल्प-पेपर यांना उत्सर्जनाच्या तीव्रतेची (टन मालामागे किती कार्बन) लक्ष्यं लावली. ऑटो कंपोनंटला थेट नाही, पण पुढे क्षेत्र बदलायचं झालं तर हा अनुभव तिथे चालेल.

बीडची_एमएसडब्ल्यू

सगळेच मीटर आणि पुराव्याचं बोलताय म्हणून लिहिते. मी टाटा इन्स्टिट्यूटमधून सोशल वर्क केलं आणि सीएसआरमधून या क्षेत्रात आले, २०१४ ला नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचा कायदा लागू झाल्यावर आमच्यासारख्या पुष्कळांना कंपन्यांनी घेतलं. आता तेच लोक बाजूला पडलेत. मला आकड्यांबद्दल तक्रार नाही, तपासलेला आकडा हवाच, पण मी बघते की सगळा वेळ आकडा गोळा करण्यातच जातो आणि तो कमी करायचं काम पुढच्या वर्षावर जातं. एप्रिल ते जुलै रिपोर्ट, ऑगस्टमध्ये ईएसजी रेटिंग देणाऱ्यांच्या प्रश्नावल्या, मग गिऱ्हाईकांच्या, मग परत मार्च.

आणि ईएसजीतल्या "एस"चं, म्हणजे समाजाचं काय? ऊसतोडीचं घ्या. साखर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये कारखान्यापर्यंतचा आकडा येतो, फडातल्या कोयत्यापर्यंत कोण जातं? नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, हजेरीचा कागद नाही, बाईच्या नावावर मजुरीच नाही. मग "बायकांना दिलेला पगार" कुठल्या रकान्यात भरणार? २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारनं समिती नेमली, तरी हा विषय परदेशातल्या खरेदीदारांच्या टेबलावर पोचायला किती वर्षं लागली. आता जर्मनीत २०२३ पासून सप्लाय चेनचा कायदा (सप्लायरकडे कामगारांचे हक्क पाळले जातात का बघायचा) आहे, त्यामुळे तिथले लोक विचारतात, आणि विचारल्यावर उत्तर आणायला फडावर जाऊन बाईशी तिच्या भाषेत, मुकादम बाजूला नसताना बोलणारं माणूस लागतं. ते सॉफ्टवेअर करणार नाही, आणि मुंबईहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारा ऑडिटरही करणार नाही. मी आता हेच काम करते, पगार पूर्वीपेक्षा बरा आहे, कामं भरपूर आहेत आणि माणसं फार थोडी.

चाकणकर दादा, तुम्ही कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांना हेल्मेट घालायला लावता असं लिहिलंत. त्या पोरांना किमान वेतन मिळतं का, पीएफ भरला जातो का, हेही बीआरएसआरमध्ये विचारलंय, किमान वेतनाचं तर कायम आणि बिगर-कायम वेगळं. नवी पोस्ट घेतलीत तर तो तक्ता दुसऱ्या कुणाकडे जाऊ देऊ नका.

चाकणचा_ईएचएसवाला

एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. आज एचआरला जाऊन विचारलं, पोस्ट प्लांट हेडला रिपोर्ट करणार आणि फायनान्सला डॉटेड लाइन (दुय्यम रिपोर्टिंग). सर्टिफिकेट रद्द, बीईईचा अभ्यास बघतो. बीडच्या ताई, तो तक्ता मी उघडून बघितला, आमच्याकडे कंत्राटी कामगारांची माहिती कॉन्ट्रॅक्टर देईल ती, कुणी पडताळलेली नाही. तिथून सुरुवात करायची तर काय मागू?

शिरोलीचे दादा, पुढच्या महिन्यात गावी जातोय, मधे कोल्हापूर लागतं, फर्नेस बघायला येऊ का?

बीडची_एमएसडब्ल्यू

तीन महिन्यांची पीएफची चलनं नावांच्या यादीसकट, बँकेत पगार जमा झाल्याचा पुरावा, आणि गेटवरचं हजेरी रजिस्टर. तिन्हीतली नावं जुळवा. गेटवर आहेत आणि चलनात नाहीत अशी नावं आधी वेगळी काढा, आणि त्या पोरांशी कँटीनमध्ये बोला, ऑफिसात बोलावून नको.

शिरोलीची_फाउंड्री

या की. पण सोमवारी नको, आमच्याकडं सोमवारी लाइटची सुट्टी असते, फर्नेस बंद. मंगळवारी सकाळी लवकर या, पहिली हीट बघायला मिळंल, मागच्या सहा महिन्यांची लाइट बिलं आणि मेल्टिंगचं रजिस्टर काढून ठेवतो.